ओस गावातली शाळा

जिथं कायमचं राहायचंच नाही तिथं माणसानं पक्कं बांधकाम करावं का? हा प्रश्न मला अमेरिकेतल्या एका ओस गावाबद्दल वाचताना पडला. गावाचं नाव ऱ्हायोलाईट. नेवाडा राज्यात, ज्याला 'डेथ व्हॅली' म्हणजे मृत्यूची दरी म्हणतात, त्या वाळवंटाच्या जवळ.

१९०४ साली शॉर्टी हॅरिस आणि एड क्रॉस या दोघा खनिजशोधकांना तिथल्या टेकड्यांत सोनं सापडलं. झालं! दोन-तीन वर्षांत त्या ओसाडीत हजारो माणसं लोटली. नळाचं पाणी आलं, वीज आली, रेल्वे आली, शेअर बाजारसुद्धा आला. पोलादाच्या धंद्यात गडगंज झालेल्या चार्ल्स श्वाबने १९०६ मध्ये तिथली मोठी खाण घेतली. १९०८ मध्ये तीन मजली बँक उभी राहिली. खर्च सुमारे ९०,००० डॉलर. पण त्याआधीच, १९०७ मध्ये अमेरिकेत आर्थिक घबराट पसरली होती आणि भांडवल आटू लागलं होतं. १९१० च्या शिरगणतीत उरली ६७५ माणसं. १९११ मध्ये खाण बंद पडली, १९१६ मध्ये वीजही तोडली.

इथवर ऐकून कुणीही कीर्तनकार म्हणेल, "बघा मंडळी, हाव!" खरंच आहे ते. पण या गावानं १९०९ मध्ये एक दुमजली काँक्रीटची शाळाही बांधली. तोवर बिऱ्हाडं हलू लागली होती. ती शाळा कधी पुरती भरलीच नाही.

मग बँक आणि शाळा, दोन्ही एकाच मापानं मोजायची? दोन्ही आज छपराविना उभ्या आहेत. वैराग्याच्या भाषेत दोन्ही मायाच. मला हे पटत नाही. शाळा बांधणारे काही संत नव्हते. शाळा झाली की गावाची पत वाढते, जागेला भाव येतो, हा हिशेबही कुणाच्या मनात असेल. असेना का! गाव बुडणार हे आधी कळलं असतं, तर बँक बांधण्यात काही अर्थच उरला नसता. मुलांचं तसं नाही. सात वर्षांचं पोर त्या वर्षीच सात वर्षांचं असतं. गाव टिकणार की नाही ते ठरेपर्यंत त्याची बाराखडी थांबत नाही.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी वरच्या मजल्याला कुलूप आहे. मुलं पुण्याला, कुणाची परदेशी. आमच्याही दोन खोल्या बंद असतात. "एवढा पैसा घातलात, फुकट गेला की हो," असं येणारा-जाणारा म्हणतो. मी एवढंच सांगतो, दोघांनीही दहावी-बारावीचा अभ्यास तिथंच केला. भिंतीवर धाकट्यानं लिहिलेली सूत्रं अजून आहेत. रंग देणाऱ्याला मी तेवढी भिंत सोडायला सांगतो.