सोडलेल्या माशाचा हिशेब

न्यू जर्सीच्या किनाऱ्याच्या उत्तर टोकाला रॅरिटन नावाचा उथळ उपसागर आहे. एडिसनमधल्या मराठी घरांपासून गाडीने फार तर अर्ध्या तासाच्या अंतरावर. मे महिन्यात तिथे उजाडायच्या आधीच काठाला गाड्या लागतात, डोक्याला दिवे बांधलेली माणसं वाळूत उतरतात आणि लांब काठ्या पाण्याकडे रोखून उभी राहतात. कोकणात गळाने मासे धरण्याला ‘गरवणं’ म्हणतात. इथलं गरवणं चुलीसाठी नसतं. हजारभर डॉलरचं सामान घेऊन आलेल्या माणसाला मासा खायचा असता तर तो बाजारात गेला असता.

काठी वाकते, दोरा सरसरत सुटतो आणि दहा मिनिटांच्या ओढाताणीनंतर रुपेरी अंगाचा, कुशीवर सात-आठ काळ्या रेघा असलेला दांडगा मासा काठाशी येतो. हा स्ट्राइप्ड बास. जर्सीत त्याला लाडाने स्ट्रायपर म्हणतात, मेरीलँडमध्ये रॉकफिश. गडी त्याला पट्टीवर आडवा करतो. तेहतीस इंच. नियम म्हणतो, २८ इंचांच्या खालचा घ्यायचा नाही, ३१ च्या वरचा घ्यायचा नाही आणि मधल्यातलाही दिवसाला एकच. मग एक फोटो, पुन्हा एक फोटो, पहिल्यात डोळे मिटले म्हणून तिसरा. शेवटी शेपटीला धरून त्याला पाण्यात थोडा मागेपुढे हलवतात. मासा शेपटीचा फटकारा मारतो आणि गढूळ पाण्यात दिसेनासा होतो. माणूस पँटला हात पुसतो. चेहऱ्यावर खेळल्याचं समाधान आणि वर जीवदान दिल्याचं पुण्य.

त्या माशाचं पुढे काय होतं, हे काठावरून कळत नाही. पॉल डायोडाटी आणि अ‍ॅन रिचर्ड्स या दोन संशोधकांनी मॅसॅच्युसेट्समध्ये खाऱ्या पाण्याच्या एका बंदिस्त तळ्यात ते पाहिलं. गळाने धरून सोडलेल्या स्ट्रायपरवर त्यांनी ५८ दिवस नजर ठेवली. १९९६ साली निष्कर्ष छापून आला: शंभरातले सरासरी नऊ मरतात. गळ जबड्याच्या कोपऱ्यात लागला, माणूस सराईत असला तर तीन. गळ घशाखाली गेला आणि बाकी सगळंच बिनसलं तर सव्वीस. यांतले बरेच मासे सोडताना शेपूट हलवतच गेलेले असतात.

नऊ टक्के म्हणजे फार वाटत नाही. पण गुणाकार करून पाहावा. सकाळभरात एकाने एक मासा नियमाप्रमाणे धरला, घरी नेला, कांदा-लिंबू घालून खाल्ला. दुसरा खाण्याच्या विरोधात. त्याने तीस धरले आणि तीसही सोडले. पहिल्याच्या नावावर एक मेलेला मासा. दुसऱ्याच्या नावावर, सरासरीने, पावणेतीन. गावात मान मात्र दुसऱ्याला.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या राज्यांचा मिळून एक मत्स्य आयोग आहे. १९४२ पासून तो चालतो. त्याच्या हिशेबानुसार २०१७ मध्ये माणसाच्या हातून जेवढे स्ट्रायपर मेले, त्यांतले सुमारे ४२ टक्के हौशी गरवणाऱ्यांनी घरी नेलेले होते आणि ४८ टक्के हौशी गरवणाऱ्यांनी सोडून दिलेले. धंदेवाईक मच्छीमारांच्या वाट्याला राहिले उरलेले दहा. हौशींनी घरी नेलेल्या माशांपेक्षा त्यांनी सोडलेले मासे जास्त मेले.

हा आकडा गरवणाऱ्यांना झोंबला त्याला कारण आहे. गेली पन्नास वर्षं या किनाऱ्यावरचा हौशी गरवणारा स्वतःला माशाचा वाली समजत आला आहे, आणि तो समज काही पोकळ नव्हता. स्ट्रायपरचं रक्षण ही तिथली फार जुनी गोष्ट. १६३९ साली मॅसॅच्युसेट्स बेच्या वसाहतीने हा मासा आणि कॉड शेतात खत म्हणून घालायला बंदी केली. म्हणजे त्याआधी लोक ते करत होते. मासा तेवढा उदंड होता. पुढे १९७० च्या दशकात तो झपाट्याने आटला. १९७३ साली धंदेवाईकांनी सुमारे दीड कोटी पौंड मासा काढला होता. दहा वर्षांनी तो आकडा पस्तीस लाखांच्या आसपास आला. ऱ्होड आयलंडचे सिनेटर जॉन चेफी यांनी १९७९ मध्ये तातडीच्या अभ्यासाला पैसे मिळवून दिले आणि १९८४ मध्ये काँग्रेसने कायदा केला. त्यातली मेख अशी की, जे राज्य संवर्धनाचा आराखडा पाळणार नाही, त्याच्या पाण्यात केंद्र सरकार स्ट्रायपरची मासेमारीच बंद करील.

१९८५ मध्ये मेरीलँडने आपणहून संपूर्ण बंदी घातली. हे सोपं नव्हतं. चेसापीक उपसागर ही या माशाची मुख्य विणीची जागा. किनाऱ्यावरच्या स्ट्रायपरांतले बहुसंख्य इथे जन्मतात. शिवाय रॉकफिश मेरीलँडच्या ताटातला. आपल्याकडे कोणी पापलेट पाच वर्षं बंद करून दाखवावं, म्हणजे त्या निर्णयाचं वजन कळेल. गरवणारे आणि जाळेवाले दोघांनीही ती बंदी सोसली. १९९० मध्ये ती बेताबेताने उठली आणि १९९५ मध्ये मासा पूर्ववत झाल्याचं आयोगाने जाहीर केलं. जगातल्या मत्स्यव्यवस्थापनाचे गोडवे गाताना आजही हेच उदाहरण पहिलं निघतं.

त्या यशातून एक गोष्ट मात्र चुकीची शिकली गेली. वैरी म्हणजे जाळं, गळ निरुपद्रवी, अशी समजूत पक्की झाली. टेक्सासमध्ये १९८१ सालीच हौशी मंडळींनी जोर लावून रेडफिश या माशाच्या विक्रीवर कायद्याने बंदी आणली होती. न्यू जर्सीतही स्ट्रायपर विकता येत नाही. विक्री थांबली की मासा वाचला, हे गणित जाळ्याचा जमाना होता तोवर बरोबर होतं. पण जाळी कमी झाली तशा काठ्या वाढल्या. त्यांना ना परवाने मोजके, ना दिवसाला किती मासे धरून सोडायचे याला मर्यादा. घरी न्यायचा एकच, खेळायचे कितीही.

बरं, काठ्या मोजायच्या कशा? धंदेवाईकाचा मासा काट्यावर चढतो, पावती फाटते. हौशी माणूस कुठल्या तरी खडकावर अंधारात उभा असतो. सरकारची माणसं धक्क्यावर मोजपट्टी घेऊन जातात, परतणाऱ्याला विचारतात: किती धरले, किती सोडले? आणि तो सांगतो. मासे धरणाऱ्याच्या सांगण्यावर किती विसंबावं, हा प्रश्न जगभरच्या विनोदांना पुरून उरला आहे. इथे त्यावर राष्ट्रीय धोरण उभं आहे. एकूण किती लोक किती वेळा गेले, हे आधी घरच्या फोनवर विचारत. घरचे फोन बंद पडत गेले तेव्हा टपालाने विचारू लागले. २०१८ मध्ये नव्या पद्धतीने जुने आकडे दुरुस्त केले, तर स्ट्रायपरच्या हौशी मासेमारीचा अंदाज दुपटीहून वर गेला. २०१९ मध्ये नवा अहवाल आला तो ‘साठा प्रमाणाबाहेर घटला आहे आणि मासेमारीही प्रमाणाबाहेर चालू आहे’ असं सांगतच.

मग उपाय सुरू झाले. त्यांतला एक अगदी छोटा, बोटाच्या पेराएवढा आहे. नेहमीच्या गळाचं टोक दांड्याला समांतर, वर पाहणारं असतं. माशाने आमिष गिळलं की माणूस काठीला झटका देतो आणि टोक सापडेल तिथे रुततं. कधी ओठात, कधी कल्ल्यात, कधी थेट पोटात. गोल गळाचं टोक आत, दांड्याकडे वळवलेलं असतं. इथे झटका द्यायचाच नाही. मासा आमिष घेऊन वळतो, दोरा ताणला जातो, गळ घशातून अलगद घसरत येतो आणि जबड्याच्या कोपऱ्यावर फिरून अडकतो. पॅसिफिकमधल्या बेटांवरचे लोक शिंपल्याचे आणि हाडाचे असेच गळ शतकानुशतकं करत आले. नैसर्गिक आमिष लावून स्ट्रायपर गरवायचा तर गोल गळच हवा, असा नियम अटलांटिक किनाऱ्यावर २०२१ पासून आला. ज्याच्या हाताला तीस वर्षं झटक्याची सवय, त्याला नुसतं थांबणं किती जड जातं, ते धक्क्यावर पाहावं.

दुसरा उपाय उन्हाचा. पाणी तापलं की त्यातला प्राणवायू घटतो. झुंजून दमलेल्या माशाला दम घेता येत नाही. मेरीलँडचं मत्स्य खातं उन्हाळ्यात रोजचे झेंडे जाहीर करतं. हिरवा म्हणजे जा. हवेचं तापमान नव्वद फॅरनहाइटच्या वर जाणार असेल तर पिवळा: जपून, शक्यतो सकाळी दहाच्या आत. पंचाण्णव गाठणार असेल तर लाल: दहानंतर नकोच. भर उन्हाळ्यात काही काळ तर चेसापीकच्या तिथल्या भागात स्ट्रायपरच्या मागे जायलाच मनाई, धरून सोडायलासुद्धा.

शेवटचे दोन शब्द भांडणाचं मूळ आहेत. घरी नेऊ नका, हे गरवणारा ऐकतो. गळच टाकू नका म्हटलं की तो खवळतो. किनाऱ्यावर दोन तट पडले आहेत. सोडणारे म्हणतात, आम्ही मारत नाही, आमचा हंगाम का बंद करता? खाणारे म्हणतात, मरणारे अर्धे तुमचे, मग बंदी फक्त आमच्या ताटावर का? भाड्याने बोटी चालवणाऱ्यांची पोटं दोन्हीकडे अडकलेली. दुसरा प्रश्न तर्काला जास्त धरून आहे, पण आयोगाच्या बैठकांत पहिल्याला आवाज जास्त असतो.

युरोपात काही ठिकाणी या वादाचा निकाल उलट्या बाजूने लागला आहे. जर्मनीच्या प्राणिरक्षण कायद्यात प्राण्याला इजा करायला सयुक्तिक कारण लागतं आणि नुसती करमणूक हे कारण धरत नाहीत. स्वित्झर्लंडने २००८ च्या नियमावलीत, सोडून देण्याच्याच इराद्याने मासे धरायला मनाई केली. तिथे धरला तर खा, खायचा नसेल तर धरू नका. कोकणातल्या कुठल्याही आजीला हे एका क्षणात पटेल. मासा पाण्यातून काढून, त्याच्याबरोबर फोटो काढून परत टाकणं तिच्या लेखी शुद्ध येडेपणा. तिच्या म्हणण्यात दयेपेक्षा काटकसर जास्त असेल. तरीही स्ट्रायपरच्या बाबतीत सगळे मासे खा म्हणणं घातक ठरेल. कारण जे मोठे मासे सोडावे लागतात, त्या बहुधा माद्या असतात. सहा वर्षांची मादी पाचेक लाख अंडी घालते, पंधरा वर्षांची तीस लाखांच्या वर. आपल्या जिताड्याचंही असंच: तो आधी नर असतो, वाढला की मादी होतो, म्हणून मोठा जिताडा कापला की गाभोळी निघते आणि घर खूश होतं.

२८ ते ३१ इंचांची ती चिंचोळी खिडकीही अशाच एका हिशेबातून आली. २०१५ साली चेसापीकमध्ये वीण चांगली झाली होती. ती पिल्लं २०२२ मध्ये तेव्हाच्या २८ ते ३५ इंचांच्या मर्यादेत येऊन पोचली आणि घरी नेलेल्या माशांचा आकडा आदल्या वर्षाच्या जवळजवळ दुप्पट झाला. सात वर्षं जपलेली पिढी एका हंगामात ताटात जायला लागली. मे २०२३ मध्ये आयोगाने तातडीने वरची हद्द ३१ वर आणली. गरवणाऱ्यांची नक्कल करायची तर: ‘‘पट्टीवर साडेएकतीस निघाला की रडू येतं.’’

दोष द्यायला इतर धनी आहेतच. स्ट्रायपरचं मुख्य खाणं मेनहेडन हा तेलकट मासा. व्हर्जिनियाच्या बाजूने चेसापीकमधून तेल आणि भुकटीसाठी तो वर्षाला ५१,००० टनांपर्यंत काढायला परवानगी आहे. गरवणारे त्याकडे बोट दाखवतात आणि त्यात तथ्य नाही असं कोण म्हणेल? त्याहून मोठी गोष्ट हवेची. या माशाच्या विणीला थंड हिवाळा आणि भरपूर पावसाचा वसंत लागतो. तेव्हाच पिल्लांच्या तोंडाला लागणारे सूक्ष्म जीव वेळेवर फुलतात. अलीकडचे हिवाळे ऊबदार आणि कोरडे. यावर कुठल्याही काठीवाल्याचा इलाज चालत नाही. त्याच्या हातात आहे तो फक्त स्वतःचा गळ, आणि तो किती वेळा टाकायचा हे. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये माशांची एकूण मर १२ टक्क्यांनी कमी करण्याचा प्रस्ताव आयोगापुढे आला, हंगामबंदीच्या पर्यायांसह. बरीच खडाजंगी झाली आणि प्रस्ताव बाजूला पडला.

मेरीलँडच्या मत्स्य खात्याची माणसं १९५४ पासून दर उन्हाळ्यात एक काम न चुकता करतात. ठरलेली बावीस ठिकाणं, तीन फेऱ्या, दर फेरीत प्रत्येक ठिकाणी दोन ओढी. दोघं जण शंभर फुटांचं जाळं पाण्यातून गोल फिरवून काठाला ओढतात, बोटाएवढी पिल्लं टबात घेतात, मोजतात, परत सोडतात. असं १३२ वेळा. बंदीच्या काळात, १९८९ साली, सरासरी एका ओढीला २५ पिल्लं निघाली आणि त्यावरच पुढच्या वर्षी बंदी उठली. १९९६ मध्ये ५९ निघाली. दीर्घ सरासरी अकराच्या आसपास. २०२३ मध्ये एका ओढीला एक पिल्लू आलं, २०२४ मध्ये दोन, २०२५ मध्ये चार. सरासरीच्या खालचं ते सलग सातवं वर्ष. जाळं तेच आहे, जागाही त्याच. टब मात्र आता ओढीगणिक लवकर मोजून होतो.