मुक्कामाला जागा

अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या वाळवंटात, नदीकाठच्या बऱ्याचशा सरकारी जमिनीवर कुणीही तंबू ठोकून राहू शकतो. तिकीट नाही, पहारेकरी नाही. साधारण नियम एवढाच, की एका जागी चौदा दिवसांहून जास्त राहायचं नाही आणि निघताना मागं काही ठेवायचं नाही. आपल्याकडच्या हौशी मंडळींना याचा फार हेवा वाटतो. मला मात्र पूर्णा नदी आठवते.

तिच्या काठचा अकोला-अमरावतीचा खारपाणपट्टा वाळवंट नव्हे. जमीन काळी, कसदार आहे. पण विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही आणि मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो. अशा मुलखात मुक्काम पडणार तो नदीच्याच आधारानं. पौषातल्या रविवारी ऋणमोचनला पूर्णाकाठी यात्रा भरते. श्रावणात गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन अकोल्याच्या राजराजेश्वराकडे निघालेल्या कावडवाल्यांची रात्र रस्त्यावरच जाते.

याच ऋणमोचनला गाडगेबाबांनी यात्रेकरूंचे हाल पाहून घाटाचं काम हाती घेतलं. 1905 मध्ये घर सोडलेल्या या माणसानं पंढरपूर, नाशिक, आळंदीला इतरांसाठी धर्मशाळा उभ्या केल्या. स्वतः मात्र जमेल तिथं पथारी टाकली. 20 डिसेंबर 1956 रोजी अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ, प्रवासातच त्यांचा देह पडला. अमेरिकेतला तो नियम निघताना आवरायला सांगतो. बाबांचा खराटा गावात पाऊल ठेवताच चालू व्हायचा. म्हणजे आधीच्यांनी केलेली घाणसुद्धा आपलीच. मला हा नियम जास्त कडक वाटतो, आणि जास्त खरा.

आता प्रश्न जागेचा. गावच्या चराईच्या सरकारी जमिनीला वऱ्हाडात ई-क्लास म्हणतात. पिकं निघाली की तिथं आणि मोकळ्या वावरांत मेंढपाळांची, काठेवाडी गाईवाल्यांची बिऱ्हाडं उतरतात. वावरात मेंढरं बसवली की शेतकऱ्याला खत मिळतं, हा जुना व्यवहार आहे. तरीही चोरी झाली की पहिला संशय त्यांच्यावर. शहरातून आलेल्या रंगीत तंबूला आपण पर्यटन म्हणतो आणि फाटक्या पालाला अतिक्रमण! खरं अतिक्रमण करणारे तर रात्रीपुरते येत नाहीत. ते कुंपण घालतात, पीक घेतात, पुढं पक्कं बांधकाम करतात. गावाच्या सामाईक जमिनींवरची अशी अतिक्रमणं हटवा, असं सर्वोच्च न्यायालयानं 2011 मध्ये सर्व राज्यांना बजावलं. भटक्या पशुपालकांचा हंगामी वावर 2006 च्या वनहक्क कायद्यानं जंगलात मान्य केला आहे. ई-क्लासवर मात्र तो अजून गावाच्या मर्जीवरच चालतो.

तेव्हा पुढच्या ग्रामसभेत रस्ते-नाल्यांचे विषय झाले, की उठून विचारा: आपल्या गावची ई-क्लास किती होती, आज किती उरली, आणि उन्हाळ्यात येणाऱ्या कळपांना त्यातली कोणती जागा द्यायची?