दुधी काच

ज्या वस्तूचं बायकोपुढे समर्थन करता येत नाही, अशा वस्तूंची एक यादी प्रत्येक संसारी माणसाजवळ असते. माझ्या यादीत सध्या सगळ्यात वर एक काच आहे. मोठी असती तर निदान टेबलावर तरी टाकता आली असती; पण ही जेमतेम सव्वादोन इंच लांब आणि तितकीच रुंद. फिल्मच्या मोठ्या कॅमेऱ्यात, म्हणजे ज्यात १२० नंबरचा रोल घालतात आणि बारा फोटो संपले की ते खिशाला आधी कळतं अशा कॅमेऱ्यात, आरशाच्या वर ती बसते. तिला फोकसिंग स्क्रीन म्हणतात. मी दुधी काच म्हणतो, कारण एका अंगाने ती बाथरूमच्या खिडकीच्या काचेसारखीच असते, आणि किंमत सांगेपर्यंत ऐकणाऱ्याचा समजही तसाच राहतो.

"म्हणजे ही काच लावली की फोटो चांगले येतात?" हिनं विचारलं.

"फोटोत तसा काहीच फरक पडत नाही," मी म्हणालो.

यानंतर घरात जी शांतता पसरली तिचं वर्णन सुज्ञ वाचकांना करून सांगायला नको. पण मी म्हणालो ते अक्षरशः खरं होतं. लेन्समधून आलेला प्रकाश तिरप्या आरशावर आपटून वर जातो आणि या काचेवर चित्र उमटवतो. आपण मान खाली घालून ते बघायचं. बटण दाबलं की आरसा वर उचलला जातो, काच अंधारात जाते आणि प्रकाश सरळ मागे फिल्मवर पडतो. फिल्मची आणि काचेची उभ्या जन्मात गाठ पडत नाही. काच आहे ती निव्वळ बघणाऱ्यासाठी.

"मग बघणाऱ्याला कसंही दिसलं तरी काय बिघडलं?"

आता हा प्रश्न वरकरणी गृहिणीचा वाटतो, पण आमच्या पेठेत गीतेच्या वर्गाला जाणाऱ्या मंडळींनी वर्षभर पुरवावा असा आहे. जे उमटायचं ते आपल्या बघण्याला न विचारता उमटणार असेल, तर आपण नीट बघण्याची किंमत किती धरायची? आणि दुसरं, त्याहून अडचणीचं : माणसाला बघताना सुख व्हावं की खरं कळावं? दोन्ही एकदम मिळत असतील तर प्रश्नच मिटला. या काचेच्या बाबतीत ते मिळत नाही, आणि वाइड लेन्स लावली की अजिबातच मिळत नाही.

कॅमेरा माझा म्हणायचा तो एका स्नेह्यांच्या कृपेने. त्यांनी स्टुडिओ बंद करताना आपला हॅसलब्लाड ५०० सी/एम माझ्या गळ्यात घातला, अर्थात निम्मे पैसे घेऊनच. १९७० साली निघालेल्या या मॉडेलचा मोठेपणा असा की त्यातली काच मालकाला घरच्या घरी बोटांनी बदलता येते. त्याच्या आधीच्या ५०० सी मध्ये ती कारागिराकडून बसवून घ्यावी लागे. ही सोय मिळाली आणि माणूस विचारात पडला. बदलताच येत नव्हती तोवर सगळे एका काचेशी सुखाने नांदत होते.

काचांचे प्रकारही किती! एक साधी दुधी. एकीच्या मध्यभागी दोन छोटे उलटसुलट उतरते लोलक बसवलेले, ते चित्राचे दोन तुकडे करतात. फोकस जुळला की खांबाची तुटलेली रेघ सांधली जाते. हिला स्प्लिट इमेज म्हणतात. एकीत बारीक लोलकांची जाळी, ती फोकस चुकला की झगमगते. एकीवर वहीसारखे चौकोन आखलेले. आणि मग ती १९८०च्या दशकाच्या अखेरीस आलेली, मिनोल्टाने हॅसलब्लाडसाठी बनवलेली ॲक्यूट-मॅट. ती लावून कॅमेऱ्यात डोकावलं की कोणीतरी आत ट्यूबलाइट लावल्यासारखं वाटतं. मिनोल्टाने २००६ मध्ये कॅमेऱ्यांचा धंदाच सोडला, या जातीच्या हॅसलब्लाडचं उत्पादनही २०१३ मध्ये थांबलं, तेव्हा आता ही काच जुनी-वापरलेलीच मिळते, आणि विकणारा ती आपल्या आजीचा दागिना काढावा तशी काढतो. मुंबईला बोरा बाजारात मला एकाने ती रुमालात गुंडाळलेली दाखवली. किंमत रुमाल पुन्हा गुंडाळल्यावर सांगितली.

आता या उजेडाचं मर्म ऐका. दुधी काच दुधी का करतात? तर तिच्या खरखरीत अंगावर प्रकाश अडावा, विखुरला जावा, म्हणजे चित्राला बसायला जागा मिळावी म्हणून. अडवलेला प्रकाश चारी दिशांना जातो, त्यातला थोडाच आपल्या डोळ्याकडे येतो, म्हणून चित्र अंधूक. खरखर कमी केली की उजेड वाढतो. मग खरखर अजिबात काढून खिडकीची स्वच्छ काच लावली तर? उजेड भरपूर, पण फोकस कुठे आहे हे कळायची सोय नाहीशी! कारण चित्राला टेकायला काही उरलेलं नसतं आणि आपला डोळा इतका समजूतदार, की पुढचं-मागचं जे असेल ते स्वतःच जुळवून घेतो आणि सांगतो, 'छान आहे, स्पष्ट आहे.' डोळ्याचा हा समजूतदारपणा फिल्मजवळ नसतो.

म्हणजे काच जितकी उजळ, तितकं सगळंच बरं दिसणार आणि नेमकं काय जुळलंय ते सांगणं तितकं अवघड. ॲक्यूट-मॅट बनवणाऱ्यांनी यातून फार हुशारीने वाट काढली आहे, त्यांना नावं ठेवण्याची माझी पात्रता नाही. पण हा व्यवहार मुळातूनच असा आहे : उजेड घ्या नाहीतर निवाडा घ्या.

हे सगळं मी हिला समजावून सांगितलं. ती निवडत असलेल्या मेथीवरची नजर न काढता म्हणाली, "म्हणजे साडीच्या दुकानासारखं."

मी गप्प बसलो, कारण ते माझ्या अर्ध्या तासाच्या व्याख्यानापेक्षा बरोबर होतं. साडीच्या दुकानात दिव्यांचा असा काही लखलखाट असतो की तिथे वाईट दिसणारी साडी अजून विणली गेलेली नाही. म्हणून शहाण्या बायका साडीचा पदर धरून दुकानाच्या पायरीवर येतात आणि उन्हात रंग बघतात. आत दुकानदार कासावीस होतो, पण अडवत नाही. पायरीवर साडी काही जास्त सुंदर दिसत नाही, आहे तशी दिसते इतकंच.

वाइड लेन्स म्हणजे तर या दुकानाला आरसे लावल्यासारखं. ८० मिलिमीटरची नेहमीची लेन्स असली की समोरच्याचं नाक जुळलं की नाही हे काचेवर चटकन कळतं. पुढचं धुरकट, मागचं धुरकट, नाक तेवढं कोरलेलं. पण ५० ची वाइड लावली की सारं जग लहान होऊन दूर जातं. चार मीटरवर उभ्या माणसाचा चेहरा काचेवर साबुदाण्याच्या दाण्याएवढा होतो, आणि साबुदाणा स्पष्ट आहे की अस्पष्ट हे कोण सांगणार? लेन्स पुढे फिरवा, मागे फिरवा, सगळंच बरं दिसत राहतं. दुरून डोंगर साजरे ही म्हण वाइड लेन्स शोधून काढणाऱ्याला आधी सुचली असावी. म्हणून जाणकार म्हणतात, वाइडला स्प्लिट इमेज घ्या. डोळ्याच्या समजूतदारपणावर विसंबू नका, रेघ तुटली की तुटली. दुसरे जाणकार म्हणतात, अजिबात घेऊ नका. लेन्स मंद असली, किंवा डोळा जरा बाजूला झाला, की त्या लोलकाचं अर्धं वर्तुळ काळं पडतं आणि भर चित्रात ग्रहण लागतं.

माझी त्या स्प्लिट इमेजविरुद्ध तक्रार निराळी आहे. ती फक्त मध्यभागी असते. मधोमध जो उभा असेल त्याची परीक्षा होते, कडेच्यांना त्याच्या भरवशावर पास करायचं. आपल्याकडे कुटुंबांचे निर्णय पुष्कळ काळ याच पद्धतीने झालेले आहेत, आणि कडेला कोण काय म्हणत होतं हे कोणाला दिसलंही नाही.

हा कडांचा प्रश्न माझ्यापुढे अचानक उभा राहिला तो आमचा पुण्याचा वाडा पाडायचं ठरलं तेव्हा. बिल्डरशी करार झाला, सह्या झाल्या, आणि ज्यांनी वीस वर्षं एकमेकांच्या घरचं पाणी प्यालं नव्हतं त्या सर्वांना एकदम वाटलं की चौकात सगळ्यांचा एक फोटो हवा. तेवीस माणसं. फोटो काढायचा मी. चौक इतका चिंचोळा की पाठ भिंतीला लावून उभं राहिलं तरी मंडळी चार मीटरवर. तेवढ्या अंतरावरून ८० च्या लेन्समध्ये पावणेतीन-तीन मीटर रुंदीत मावतील तेवढीच माणसं येतात. म्हणजे निम्म्या भावकीला वगळावं लागलं असतं, आणि त्यासाठी कोर्टात निराळी सोय आहे. ५० च्या लेन्समध्ये साडेचार मीटर मावतं. वाइडला पर्यायच नव्हता.

आदल्या रात्री काचा टेबलावर मांडून बसलो. ॲक्यूट-मॅट स्नेह्यांकडून एका दिवसाच्या बोलीवर आणलेली. विकत घ्यायचा निर्णय फोटोवर सोपवला होता. फोकसचा हिशेब मात्र कागदावरच सुटला. ५० ची लेन्स, छिद्र एफ/११ वर, चार मीटरवर फोकस, तर साधारण दोन मीटरपासून थेट क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट. आमच्या भावकीच्या तिन्ही रांगा त्यात आरामात बसत होत्या. हॅसलब्लाडनेच १९५४ मध्ये सुपरवाइड नावाचा एक कॅमेरा काढला होता, ३८ मिलिमीटरच्या बायोगॉन लेन्सचा. त्यात आरसाच नाही, मग आरशावरची काचही नाही. चौकट बघायला वर एक निराळं भिंग, आणि अंतर अंदाजाने किंवा टेपने मोजून लेन्सवरच्या आकड्यावर लावायचं. मीही हिच्या शिलाई मशीनच्या खणातली टेप काढून ठेवली. डोळ्याच्या भलेपणाला त्या टेपवर काही चालत नाही.

म्हणजे फोकससाठी काच नकोच होती. तरीही कोणती काच, हा प्रश्न सुटेना, कारण आता प्रश्न उरला होता कोपऱ्यांचा. वाइड लेन्सचा कडेचा प्रकाश काचेवर तिरपा पडतो आणि तसाच तिरपा बाहेर निघून जातो, आपल्या डोळ्याकडे येतच नाही. नुसत्या दुधी काचेत त्यामुळे मधला भाग उजळ आणि कोपऱ्यांत तिन्हीसांजा. यावर तोड सापडली ती फ्रेनेल नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञामुळे. त्याने दीपगृहासाठी भिंग तयार केलं होतं. जाडजूड भिंगाऐवजी एकात एक बसवलेल्या पातळ कड्यांचं भिंग, म्हणजे दिव्याचा इकडेतिकडे जाणारा प्रकाश वळवून समुद्राकडे लावता येतो. १८२३ मध्ये कोर्दुआँच्या दीपगृहात ते लागलं, आणि १८२७ मध्ये फ्रेनेल क्षयाने गेला, उणापुरा ३९ वर्षांचा. दूरच्या गलबतांसाठी केलेली ती कडी आज या काचेला चिकटून कोपऱ्यातला प्रकाश फोटोवाल्याच्या डोळ्याकडे वळवतात. मला हा उपयोग मूळच्यापेक्षा फार कमी दर्जाचा वाटत नाही.

तेव्हा ठरवलं : फोकस टेपने, काच कडा बघायला. मधोमध लोलक नको, त्या जागीही कोणीतरी उभं असतं. चौकोन आखलेले हवेत, कारण वाइड लेन्स जराशी वर उचलली की सरळ खांब आत झुकतात आणि पाडायच्या आधीच वाडा कोसळायला लागतो. ॲक्यूट-मॅट चौकोनांसकट होती, कोपऱ्यांत उजळ होती. फोकसचा निवाडा मी तिच्याकडे मागतच नव्हतो. तीच लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेवीस माणसांपुढे मान खाली घालून उभा राहिलो. भावकीने मला या अवस्थेत प्रथमच पाहिलं, आणि काहींना ते आवडलेलं दिसलं. आणखी एक गंमत या कॅमेऱ्यात असते. चित्र सुलट दिसतं, पण डावं-उजवं अदलाबदल. मी "डावीकडे सरका" म्हणायचो, ते सरकायचे, आणि काचेत नको तिकडे जायचे. वाइड लेन्स कडेच्या माणसाला रुंदीत ताणते, म्हणून तिथे सडपातळ पुतणे उभे केले. एकाची आई म्हणाली, "बरं झालं, तेवढाच अंगाने भरलेला दिसेल."

आणि मग कोपऱ्यात, चौकोनांच्या शेवटच्या घरात, मला काकू दिसली. निम्मी खांबाआड. ज्या काकूने या चौकात चाळीस वर्षं पापड वाळत घातले, जिची सही करारावर कुठेही लागली नाही, ती. जुन्या काचेत तिथे नुसता अंधार दिसला असता. फिल्मवर ती तशीही आली असती, निम्मी, खांबासकट. काचेने फिल्मला फरक पडत नाही हे मी हिला सांगून चुकलो होतोच.

"काकू, पुढे ये. मध्ये उभी राहा."

"मी कशाला रे मध्ये? तुमचं तुम्ही काढा."

दोन पुतण्यांनी तिला धरून पुढच्या रांगेत खुर्चीवर बसवलं. टेप तिच्या पदरापर्यंत ताणून अंतर पुन्हा मोजलं. "हा काय कापड मापतोय की काय?" असं कोणीतरी म्हणालं आणि वीस वर्षांत प्रथमच ती सगळी माणसं एकाच गोष्टीला हसली. मी बटण दाबलं.

या कॅमेऱ्यात आरसा आपण होऊन खाली येत नाही, किल्ली फिरवावी लागते. तोवर काच काळीकुट्ट. त्या क्षणी कोण हसत होतं, कोणाचे डोळे मिटले, मला काही दिसलं नाही. किल्ली फिरवली, काच उजळली. काकूची खुर्ची रिकामी होती आणि ती काचेत डावीकडे, म्हणजे प्रत्यक्षात उजवीकडे, खांबाच्या दिशेने निघाली होती.