साक्ष किती खात्रीने द्यावी?



जुलै 2021 च्या अतिवृष्टीत आपल्या पाटण तालुक्यात मिरगाव, ढोकावळे आणि आंबेघर येथे दरडी कोसळल्या. काय घडले ते कोयनानगरच्या माणसांना सांगायला नको. तीन आठवड्यांच्या आतच, 9 ऑगस्टला, हवामान बदलाविषयीच्या आंतरराष्ट्रीय समितीचा, म्हणजे आयपीसीसीचा, मोठा अहवाल आला. तेव्हापासून आपण सहज बोलून जातो, "ती दरड हवामान बदलामुळेच पडली." हेतू चांगला असला, तर एवढ्या खात्रीने बोललेले चालते का?

ही समिती संयुक्त राष्ट्रांच्या दोन संस्थांनी 1988 साली स्थापली. ती स्वतः संशोधन करीत नाही. झालेले संशोधन तपासते. 2021 च्या अहवालासाठी 234 शास्त्रज्ञांनी 14,000 हून अधिक संदर्भ अभ्यासले आणि 78,000 शंका-सूचना विचारात घेतल्या. सारांशाची एकेक ओळ देशोदेशींच्या सरकारांच्या प्रतिनिधींनी मंजूर केली. शब्दही मोजून वापरतात. 'शक्यता आहे' म्हणजे शंभरात किमान 66, 'दाट शक्यता' म्हणजे किमान 90. तापमानवाढीत माणसाचा हात आहे का, यावर 2001 साली 'शक्यता', 2007 साली 'दाट शक्यता', 2013 साली 'अत्यंत दाट शक्यता' आणि 2021 साली 'निःसंशय' असे उत्तर आले. वीस वर्षे लागली. चहाच्या टपरीवर आपण हेच अंतर वीस सेकंदांत कापतो!

मिरगावच्या दरडीविषयी मात्र त्या अहवालातून काही सिद्ध होत नाही. जगाच्या बहुतेक भागांत मुसळधार पाऊस वाढला आहे आणि तापमानाबरोबर तो आणखी वाढेल, एवढे तो सांगतो. अमुक डोंगर का खचला, हे तिथली माती, उतार आणि पाऊस तपासूनच ठरेल.

2007 च्या अहवालात हिमालयातील हिमनद्या 2035 पर्यंत नाहीशा होऊ शकतील, असे विधान नीट न तपासता आले होते. जानेवारी 2010 मध्ये समितीने ती चूक मान्य केली. पण तोवर ज्यांना काहीच करायचे नव्हते, त्यांच्या हाती आयते कोलीत मिळाले होते. आठवी आज्ञा खोट्या साक्षीविषयी आहे; चांगल्या कामासाठी दिलेल्या खोट्या साक्षीला तिच्यात सूट नाही.

मात्र 'अजून खात्री कुठे आहे?' म्हणत हात झटकणेही आम्हांला तितकेच खोटे वाटते. विज्ञानातील वाद मिटवणे हे चर्चचे काम नाही, हे पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात मान्य केले, तरीही कृतीची हाक दिलीच. आपल्याकडे 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपानंतर, तो जलाशयामुळे झाला की नाही, यावर तज्ज्ञांत वर्षानुवर्षे वाद चालला. धरणाची भिंत मात्र वाद मिटण्याची वाट न पाहता बळकट करून घेतली गेली.