घटकेपुरता गुन्हा

चोरी सकाळी केली तरी चोरीच, आणि संध्याकाळी केली तरी चोरीच. खोटे बोलणे सोमवारी पाप आणि मंगळवारी पुण्य, असे कोणत्याही धर्माने सांगितलेले नाही. मग रस्त्याच्या कडेला आपली गाडी उभी करणे दुपारी तीन वाजता निर्दोष आणि संध्याकाळी सहा वाजता गुन्हा, हे कसे? गाडी तीच, माणूस तोच, रस्ताही तोच. बदलला तो फक्त घड्याळाचा काटा. काट्याने पापपुण्य ठरू लागले, तर नीतीला अर्थ तो काय राहिला?

हा प्रश्न आपल्याकडे बहुधा चौकातल्या पोलिसाला विचारला जातो आणि तोही गाडी क्रेनवर चढल्यानंतर. त्यामुळे त्याला वादाचे रूप येते, विचाराचे येत नाही. परंतु प्रश्न खोटा नाही. सणाच्या निमित्ताने चार घटका निवांत मिळाल्या आहेत, तेव्हा वाचकहो, आपण तो जरा शांतपणे उलगडून पाहू.

उदाहरणाला पुण्याचा लक्ष्मी रस्ता घेऊ. साड्या, सोने, भांडी, मुलांचे कपडे, शेजारी तुळशीबाग. लग्न ठरलेले घर आणि दिवाळीचा बोनस हाती आलेला नोकरदार, दोघांचीही पावले इकडेच वळतात. रस्ता पेठांमधला, दोन्ही अंगांनी घरे आणि दुकाने अशी भिडलेली की त्याला हातभर रुंद करायचे म्हटले तरी कोणाची तरी ओसरी जाते. अशा रस्त्याला अधिक जागा देता येत नाही. देता येते ती फक्त वेळ. म्हणून मग वाहतूक एका दिशेने, मालाच्या गाड्यांना ठरावीक तास, गणेशोत्सवात संध्याकाळी वाहनांना बंदी, आणि शहरातल्या कितीतरी रस्त्यांवर दिसणाऱ्या त्या ‘पी-1’, ‘पी-2’च्या पाट्या. एका बाजूला विषम तारखेला गाड्या लावायच्या, दुसऱ्या बाजूला सम तारखेला. बाहेरगावच्या पाहुण्याला हे प्रथम विनोदी वाटते. त्यातही एकतीस दिवसांचा महिना संपला की एकतीस आणि एक अशा दोन विषम तारखा लागोपाठ येतात, आणि एकाच बाजूच्या दुकानदाराला दोन दिवस दारासमोर गाड्यांची रांग पाहावी लागते. पंचांगातल्या तिथीच्या क्षयवृद्धीइतकीच ही गंमत अटळ आहे.

पण या गमतीतच पहिल्या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे. जगात दोन प्रकारची वाईट कृत्ये असतात. काही मुळातच वाईट. त्यांना वेळकाळ नसतो. काही मात्र स्वतः निरुपद्रवी असतात आणि दुसऱ्याच्या आड आली म्हणजे वाईट ठरतात. अंगणात मोठ्याने गाणे वाईट नाही. शेजारी आजारी माणसाला नुकता डोळा लागला असेल तर वाईट आहे. आपल्या पूर्वजांनी दानासारख्या निखळ चांगल्या गोष्टीलासुद्धा देश, काल आणि पात्र यांची अट घातली. चांगल्या कृत्यालाही जर काळ पाहावा लागतो, तर गाडी उभी करण्यासारख्या साध्या कृत्याने तो पाहू नये, असे कोण म्हणेल?

शेतकरी वाचकाला हे समजावून सांगायला नको. धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम या नद्यांवर बंधारे बांधून फड पद्धतीने पाणी वाटण्याची रीत शतकानुशतके चालत आली. पाटाचे पाणी पाळीने मिळायचे. आपली पाळी असताना बारे उघडणे हे शेतकऱ्याचे काम. पाळी संपल्यावर तेच बारे उघडे ठेवणे ही दुसऱ्याच्या पिकाची चोरी. पाणी तेच, बारेही तेच. तरी कोणी पाटकऱ्याला विचारले नाही की, सकाळचे पुण्य दुपारी पाप कसे झाले? कारण प्रत्येकाला माहीत होते, की पाणी कोणा एकाचे नाही आणि ते पुरणारे नाही. जे सर्वांचे आहे आणि थोडे आहे, त्याची नीती घड्याळाची नीती असते.

रस्ता खरोखर इतका थोडा आहे काय? एक मोजमाप पाहा. एका मोटारीच्या जागेसाठी सर्वसाधारणपणे अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब असा चौकोन धरतात. म्हणजे साडेबारा चौरस मीटर. दहा बाय बाराची खोली हिशेबाने सव्वाअकरा चौरस मीटरही भरत नाही. ज्या पेठेत माणसांचे अख्खे संसार अशा एका खोलीत झाले, जिथे आजही त्या खोलीसाठी घाम गाळावा लागतो, तिथे रिकामी मोटार त्याहून मोठी जागा घेऊन दिवसभर उभी राहते आणि मालकाला वाटते, हा माझा हक्क आहे. गाडी चालवण्यासाठी रस्ता वापरणे आणि गाडी ठेवण्यासाठी रस्ता वापरणे, यांतला हा फरक आपण विसरतो. चालणारा मनुष्य रस्ता वापरून मागच्यासाठी सोडून देतो. उभी गाडी तो वापरत नाही. ती तो व्यापते. मोटार वाहन कायदा 1988 सालचा. त्याच्या 122व्या कलमातही, इतरांना धोका, अडथळा किंवा गैरसोय होईल अशा रीतीने सार्वजनिक जागी वाहन उभे ठेवू नये, असेच सांगितले आहे.

येथवर सारे सरळ आहे. अवघड भाग पुढे आहे. नियम केला म्हणजे ओझे नाहीसे होत नाही. ते एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जाते. दोन हजार वर्षांपूर्वी ज्युलियस सीझरच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्याने रोम शहरात दिवसाच्या पहिल्या दहा तासांत बहुतेक गाड्यांना बंदी केली. देवळांच्या बांधकामासारखी मोजकी कामे तेवढी वगळली. दिवसा रस्ते मोकळे झाले. पण माल तर यायलाच हवा होता, तो रात्री येऊ लागला. पुढे शंभर-दीडशे वर्षांनी जुव्हेनल हा कवी रात्रीच्या गाड्यांच्या खडखडाटाने झोप येत नाही म्हणून आपल्या उपहासकाव्यात कुरकुरला. झोप मिळायची ती श्रीमंतांना, असेही त्याने सुनावले. म्हणजे दिवसाची सोय कोणाची आणि रात्रीचे जागरण कोणाचे, हा हिशेब त्या कायद्याने केला नव्हता. लक्ष्मी रस्त्यावर संध्याकाळी गाड्यांना मज्जाव झाला, तर त्या अदृश्य होत नाहीत. त्या शेजारच्या बोळात जातात. आणि त्या बोळातल्या वाड्यातून कोणा आजोबांना दवाखान्यात न्यायचे असेल, तर रिक्षा दारापर्यंत येत नाही. बोळातल्या माणसाचे दुकान नसते, संघटना नसते, मोर्चा नसतो. नियम न्याय्य आहे की नाही हे रस्त्यावर उभे राहून कळत नाही; ते बोळात जाऊन पाहावे लागते.

दुकानदाराची भीती मात्र खोटी मानू नये. त्याचे भाडे, नोकरांचे पगार, दिवाळीपुरता भरलेला माल, हे सारे त्या चार संध्याकाळींवर अवलंबून असते. गाडी लावायला जागा नाही म्हणून गिऱ्हाईक दुसरीकडे गेले, तर तो कोणाच्या तोंडाकडे पाहणार? पण या भीतीची दुसरी बाजूही इतिहासात आहे. रस्त्यावर गाडी लावण्यासाठी पैसे घेणारे जगातले पहिले यंत्र 16 जुलै 1935 रोजी अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीत बसले. एका तासाला पाच सेंट. ते का बसवावे लागले? दुकानांत आणि कचेऱ्यांत काम करणारी मंडळी सकाळीच येऊन साऱ्या जागा अडवीत आणि गिऱ्हाइकाला गाडी लावायला जागा उरत नसे. सकाळी दहा ते रात्री आठ अशा दहा तासांत एक जागा अर्ध्या अर्ध्या तासाने मोकळी झाली तर वीस गिऱ्हाइकांच्या उपयोगी पडते. तीच दुकानातल्या माणसाच्या स्कूटरने अडवली तर एकाही नाही. वेळेचे बंधन दुकानदाराचे वैरी असतेच असे नाही.

डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात स्ट्रॉयेट नावाचा बाजाराचा रस्ता 1962च्या नोव्हेंबरात मोटारींना बंद केला, तेव्हाही तिथले व्यापारी घाबरले होते. 1964 साली तो प्रयोग कायम झाला आणि आज तो रस्ता माणसांनी फुललेला असतो. कॅनडात टोरोंटो शहराच्या ब्लूर स्ट्रीटवरच्या एका पाहणीचा अहवाल 2009 साली प्रसिद्ध झाला. गाडीने येणारे गिऱ्हाईक दहांत एक निघाले. गाडीतून उतरणारा माणूस नजरेत भरतो. पिशवी घेऊन चालत आलेली बाई भरत नाही. आपल्याकडे 11 डिसेंबर 2021 रोजी पुणे महापालिकेने पादचारी दिन पाळला आणि लक्ष्मी रस्त्याचा नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा भाग दिवसभर पायी चालणाऱ्यांना दिला. एका दिवसाने शहर बदलत नाही. पण रस्ता कोणाचा, हा प्रश्न त्या दिवशी उघडपणे विचारला गेला.

आता उरले ‘पात्र’. गुडघ्याने अधू झालेली आजी, कुबड्या घेऊन चालणारा तरुण, पाठीवर कापडाचे गठ्ठे वाहणारा हमाल, हातगाडीवाला. यांना घड्याळ दाखवून परत पाठवणारा नियम काटेकोर असेल, न्याय्य नसेल. त्यांच्यासाठी सवलत हवी. पण आपल्याकडे सवलत ज्याला हवी त्याला क्वचित मिळते. ती मिळते ज्याची ओळख असते त्याला. ‘मामा, दोनच मिनिटं!’ हे वाक्य म्हणजे आपल्या नागरी नीतीचे सूत्रच झाले आहे. प्रत्येकाची दोनच मिनिटे असतात. रस्त्याच्या वाट्याला मात्र त्या साऱ्यांची बेरीज येते. आणखी एक वर्ग आहे, जो दंड आनंदाने भरतो. त्याच्या दृष्टीने दंड ही शिक्षा नसून भाडे असते. ज्याला पैसे मोजून नियम मोडता येतो आणि ज्याला येत नाही, त्या दोघांना एकच पाटी बांधीत नाही. दंडाची रक्कम वाढवूनही हे दुखणे पुरते बरे होत नाही; कारण दुखणे खिशात नाही, दुसऱ्याची पाळी मानण्याच्या वृत्तीत आहे.

आणि जो नियम करतो, त्याच्याही डोक्यावर ऋण आहे. घड्याळाप्रमाणे बदलणारा नियम जाणून घ्यायला कठीण असतो. चोरी करू नये हे मुळशीच्या खोऱ्यातून पहिल्यांदा शहरात आलेल्या माणसालाही ठाऊक असते. या बाजूला पाच वाजल्यानंतर गाडी लावायची नाही, हे त्याला आपोआप कळू शकत नाही. झाडाच्या फांदीआड गेलेली पाटी, पुसट झालेला पट्टा, काल लागू झालेला आणि आज बदललेला आदेश, आणि तेवढ्यात उचललेली गाडी; अशा वेळी दंड घेणारा कायद्याचे रक्षण करीत नाही, कायद्यावरचा विश्वास खर्ची घालतो. ज्या नियमाला निसर्गतः नैतिक बळ नाही, त्याला ते स्पष्टपणाने, सातत्याने आणि सर्वांना सारखे वागवून मिळवावे लागते. शाळेत आम्ही मास्तर हे रोज पाहतो. तास बदलल्याची घंटा ठळक वाजली, तर पोरे निमूटपणे उठतात; ती एका वर्गाला ऐकू आली आणि दुसऱ्याला नाही, की गोंधळ झालाच.

तेव्हा घड्याळाने पापपुण्य ठरते काय? नाही. पाप एकच आहे आणि ते तीन वाजताही पापच असते: जे सर्वांचे ते आपले एकट्याचे समजणे. तीन वाजता रस्त्यावर गर्दी नसते, म्हणून ते कोणाला बोचत नाही. सहा वाजता बोचते, एवढेच. घड्याळ गुन्हा निर्माण करीत नाही. कोणाची पाळी आली आहे, ते सांगते.

येत्या आठवड्यात आपल्यापैकी पुष्कळजण घरच्या मंडळींना घेऊन खरेदीला निघतील. बसने किंवा पायी जाता आले तर उत्तमच. गाडी न्यावीच लागली, तर लांब लावावी आणि आजीला आधी दुकानाच्या दारात उतरवावे. काम झाले की जागा सोडावी. मागे कोणीतरी आपल्यासारखेच, मुलांना मागच्या सीटवर गप्प बसवीत, जागा शोधत फिरत असते. त्याच्याही घरी दिवाळीच असते.