सुगंधाची भेट

प्रियजनास भेट काय द्यावी हा प्रश्न वरवर पाहतां अगदीं क्षुल्लक दिसतो. त्यांतून ती भेट अत्तराच्या कुपीची असेल, तर त्यावर निबंध लिहिणें हा रिकामा उद्योग आहे असें कोणी म्हटल्यास नवल नाहीं. परंतु माणसाची नीति मोठ्या प्रसंगांपेक्षां लहान प्रसंगींच अधिक उघडी पडते, आणि पतीनें पत्नीसाठीं अथवा प्रियकरानें प्रेयसीसाठीं सुगंध निवडणें हा तसाच एक प्रसंग आहे.

लुगडें, पुस्तक, दागिना या भेटी जिला मिळतात तिच्या उपभोगाच्या असतात. लुगड्याचा रंग तिला दिसतो, पुस्तक ती स्वतः वाचते. सुगंधाचें तसें नाहीं. अंगाला लावलेलें अत्तर थोड्याच वेळांत लावणाऱ्याच्या नाकास सरावाचें होतें व त्याला तें जाणवेनासें होतें. जवळ येणाऱ्यास मात्र तें प्रत्येक वेळीं नव्यानें जाणवतें. मग तिच्या अंगावरील सुगंध मुख्यतः भोगतो कोण? तर ज्यानें तो दिला तोच. देवाला नैवेद्य दाखवून तो आपणच खावा, त्यांतलाच हा प्रकार! नैवेद्यानें निदान देवाचें अंग बदलत नाहीं. येथें तर भेट घेणारीचें शरीरच देणाऱ्याच्या आवडीप्रमाणें दरवळूं लागतें. तेव्हां ही भेट आहे, कीं गोड शब्दांत केलेली मागणी आहे, हा खरा प्रश्न आहे.

जर्मन तत्त्ववेत्ता कांट यानें १७९० सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या निर्णयशक्तीच्या मीमांसेंत संगीतावर एक गंमतीदार आक्षेप घेतला आहे. संगीत शेजाऱ्यापाजाऱ्यांवर लादलें जातें, असें सांगतांना त्यानें खिशांतून अत्तराचा रुमाल काढणाऱ्या गृहस्थाचा दाखला दिला. नको असलेल्या दृश्यावरून नजर वळवितां येते. पण श्वास घ्यावयाचा तर तो वासही घेतलाच पाहिजे. कांटला काळजी होती ती सभोंवारच्या मंडळींची. आपल्या प्रश्नांत मात्र जिच्या अंगावर तो सुगंध चढवावयाचा, तीच मुख्य आहे.

आपल्या समाजांत या प्रश्नाला आणखी एक जुनी बाजू आहे. हळदीकुंकवाच्या समारंभांत सुवासिनीच्या हाताला अत्तर लावावें, तिच्यावर गुलाबपाणी शिंपडावें, ही चाल सर्वांच्या परिचयाची आहे. 'सुवासिनी' शब्दाची व्युत्पत्ति कांहींही असो, कानाला त्यांत सुवास ऐकूं येतो खरा. परंतु त्याच वेळीं घरांतील विधवा माजघराच्या अंधारांत बसलेली असे. तिच्या केसांत फूल नाहीं, हातावर अत्तर नाहीं. सुगंधावरील हक्क स्त्रीचा नव्हता, तो तिच्या नवऱ्याच्या असण्यावर अवलंबून होता; तो गेला कीं तोही गेला. ही रूढि आतां पुष्कळ सैल झाली असली तरी पुरती गेलेली नाहीं. म्हणून पुरुष जेव्हां स्त्रीसाठीं सुगंध निवडतो, तेव्हां कुपीबरोबर हा वारसाही त्याच्या हातांत असतो. तो टाकून द्यावयाचा तर तिच्या नाकाची स्वतंत्र सत्ता त्यानें मान्य केली पाहिजे.

ही सत्ता किती स्वतंत्र असते, हें आमच्या भंडारा जिल्ह्यांत दर उन्हाळ्यांत पाहावयास मिळतें. चैत्राच्या सुमारास जंगलाकडील गांवांत मोहाचीं फुलें गळूं लागतात व त्यांचा गोड, जड वास पहांटेच्या हवेंत भरून राहतो. शहरांतून आलेल्या पाहुण्याला त्यांत दारूची भट्टी आठवते आणि तो नाकाला रुमाल लावतो. जिनें लहानपणीं आईबरोबर टोपली घेऊन तीं फुलें वेंचलीं, तिला तोच वास माहेरासारखा वाटेल. आणि जिची वेंचणी पोटासाठीं अजून चालू आहे, तिला त्यांत कंबरेची कळच जाणवेल. फूल एक, वास एक. पण त्याचा अर्थ ज्याच्या त्याच्या आयुष्यांत असतो. दुकानांतील कुप्या हुंगून तो सांपडत नाहीं.

कनौजचे कारागीर भाजलेल्या मातीचे तुकडे तांब्याच्या डेगेंत घालून त्यांचा अर्क चंदनाच्या तेलांत उतरवितात. तें मातीचें अत्तर. पहिल्या पावसानंतर भुईंतून सुटणाऱ्या वासाला ऑस्ट्रेलियांतील बेअर व थॉमस या शास्त्रज्ञांनीं १९६४ सालीं 'पेट्रिकोर' हें नांव दिलें. कनौजकरांनीं तर तो वास कुपींत भरून विकावयासही काढला होता. आमचा जिल्हा भाताचा आणि तलावांचा. कोहळी समाजानें बांधलेल्या एखाद्या तलावाच्या पाळीखालीं जिचें बालपण गेलें, तिला हें अत्तर सोन्याहून मोलाचें वाटेल. उलट, मृग कोरडा गेला म्हणून बाप कर्जांत बुडालेला जिनें पाहिला, तिला कदाचित् तें उघडवणारही नाहीं. यांतील कोणती गोष्ट खरी, हें कळण्यास पैसा लागत नाहीं. ऐकून घेण्याची संवय लागते.

शूद्रकाच्या 'मृच्छकटिकां'त जाईच्या फुलांनीं सुवासित झालेलें चारुदत्ताचें वस्त्र अंधारांत वसंतसेनेच्या हातीं येतें. तो तिला आपली दासी रदनिका समजलेला असतो. ती तें वस्त्र हुंगते, आणि दारिद्र्यांतही याचें यौवन उदास झालेलें नाहीं, हें ओळखते. तो सुगंध तिच्यासाठीं निवडलेला नव्हता, तिच्यावर लादलेलाही नव्हता. तो त्याचा होता, आणि त्यानें त्याच्याविषयीं खरें तेंच सांगितलें, म्हणूनच तो तिला इतका प्रिय झाला.

यावर कोणी म्हणेल, प्रेम म्हणजे दानधर्म नव्हे; देणाऱ्यालाही आनंद झाला तर त्यांत पाप तें कोणतें? आक्षेप रास्त आहे. देणाऱ्याचें मन ज्या भेटींत नाहीं ती भेट कोरडी. 'मला हा वास आवडतो' असें सांगण्याचा अधिकार प्रेमाला आहे. 'म्हणून तूं तो लाव' हें म्हणण्याचा नाहीं. हें अंतर शब्दांत लहान, पण संसारांत फार मोठें. कारण नकार पुष्कळदां तोंडानें दिलाच जात नाहीं. ती सणावारीं दोन थेंब लावते, डोकें दुखलें तरी सांगत नाहीं, आणि नवरा समजतो कीं आपली निवड अचूक ठरली.

वस्तुतः अत्तर कसें द्यावें हें आपल्या जुन्या शिष्टाचारांतच सांगितलेलें आहे. अत्तरदाणी घेतलेला मनुष्य पाहुण्यापुढें थांबतो. पाहुणा आपण होऊन हात पुढें करतो, मगच त्यावर अत्तर लागतें. हात पुढें झाला नाहीं तर शेजारच्याकडे वळावयाचें. त्यांत कोणाचा अपमान नाहीं. प्रेमांतही हाच क्रम असावा. शक्य तर दुकानांत तिलाच न्यावें. थेंब तिच्याच हातावर पडूं द्यावा. आणि पहिल्या क्षणाचा वास व प्रहरभरानें उरणारा वास एक नसतो, हें जाणून निर्णयाची घाई करूं नये. नकळत भेट द्यावयाची असेल, तर ती कुपी फडताळांत महिनोन्महिने बंद राहिली तरी आपल्या मनांत किंतु येणार नाहीं, इतकी तयारी आधीं करावी. ती तयारी ज्याची झाली त्यानेंच खरोखर भेट दिली. पुढें कधीं ती उघडली गेलीच, तर तो सुगंध तिचा असेल. आणि त्याचा वांटा आपल्या वाट्यास आला, तर तो प्रसाद समजावा.