ज्यामघाचे असत्य आणि विदर्भाचा वंश

नाकाडोंगरी हे भंडारा जिल्ह्यातील, मध्य प्रदेशाच्या सीमेलगतचे गाव. १९५६ साली जे आठ जिल्हे मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आले, त्यांत भंडारा होता. विदर्भ हे त्या जिल्ह्यांचे सामूहिक नाव. पुराणांच्या मते मात्र विदर्भ हे मुळात एका राजाचे नाव आहे, आणि त्याच्या जन्माची कथा एका असत्यापासून सुरू होते. पुढे खरे ठरलेले असत्य नैतिकदृष्ट्या सत्य होते काय, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

विष्णुपुराणाच्या चौथ्या अंशात यदुवंशातील ज्यामघाची कथा येते. राणी शैब्या निपुत्रिक. तिच्या धाकाने राजा दुसरा विवाह करीत नाही. एका युद्धात शत्रू पळून गेल्यावर मागे राहिलेली राजकन्या त्याच्या हाती लागते. विवाहाच्या इच्छेने तो तिला रथातून घरी आणतो; पण शैब्येने जाब विचारताच ‘ही माझी सून’ असे सांगून मोकळा होतो. पुत्रच नाही, तर सून कोणाची? या प्रतिप्रश्नावर, तुला होणाऱ्या पुत्राची ही पत्नी, असे त्याचे उत्तर. पुढे वय उलटलेल्या शैब्येला खरोखरच पुत्र होतो. तोच विदर्भ. त्या कन्येपासून त्याला क्रथ, कैशिक आदी पुत्र होतात. भागवतात तर विश्वेदेव आणि पितर राजाच्या शब्दाला अनुमोदन देतात.

निवेदनाचा सूर विनोदी आहे. स्त्रीवश पतींमध्ये ज्यामघाला अग्रस्थान देऊन पुराण त्याची थट्टा करते. परंतु या हास्यात ती कन्या दिसेनाशी होते, हे लक्षात घ्यावयास हवे. तिने आपल्या भावी पतीच्या जन्माची, मग तो वयात येण्याची वाट पाहिली. वंशावळ पिढ्या मोजते. ही वर्षे मोजत नाही. विष्णुपुराणात तिला नावही नाही. भागवतात ‘भोज्या’ हा शब्द येतो. ते विशेषनाम मानावे की उपभोग्य या अर्थाचे विशेषण, हा संभ्रमच पुरेसा बोलका आहे.

आधुनिक संमतीची कल्पना पुराणांवर लादू नये, असा आक्षेप येथे घेतला जाईल. तो संहितेच्याच पुराव्यावर टिकत नाही. विदर्भकन्या दमयंती देवांना डावलून नलाला वरते. विदर्भकन्या रुक्मिणी स्वतः कृष्णाला निरोप धाडते. स्त्रीची निवड म्हणजे काय, हे परंपरेला ठाऊक होते. या प्रदेशाच्या लेकी बोलतात; ज्या सुनेपासून वंश सुरू झाला, ती मात्र बोलत नाही. तेव्हा तिचे मौन हे काळाचे अज्ञान नसून निवेदनाने केलेली निवड आहे.

म्हणून शब्द फळाला आला एवढ्याने तो सत्य होत नाही. राजाने भीतीपोटी उच्चारलेल्या शब्दाची किंमत राजाने मोजली नाही. ती ज्या मुलीने मोजली, तिला कोणी विचारलेही नाही. देवांचे अनुमोदन तिच्या संमतीची जागा घेऊ शकत नाही.

१९५५ मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाने स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली होती. पुढच्याच वर्षी निर्णय वेगळा झाला. त्यातील योग्यायोग्यतेचा निवाडा येथे करावयाचा नाही. परंतु आपले नाते ठरविताना आपल्याला विचारले होते काय, हा प्रश्न सीमेवरच्या गावाला परका नाही. तो विदर्भाच्या आद्य सुनेच्या वतीनेही विचारला गेला पाहिजे.